घरगुती हिरवळीतील चिवट गवती तणांचे निर्मूलन : जानेफळ परिसरातील काळ्या जमिनीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ हे शेतीवर जगणारे गाव आहे. सोयाबीन, तूर, कपाशी आणि हरभरा ही या भागातील परिचित पिके होत. पावसाळा सुरू झाला की डवरणी आणि निंदण यांची घाई सुरू होते. त्यामुळे तण हा विषय येथील कोणालाही नवा नाही. 'तण खाई धन' ही म्हण घराघरांत माहीत असते.

गेल्या काही वर्षांत मात्र तणाचा प्रश्न शेताच्या बांधावरून घराच्या अंगणात आला आहे. नोकरदार कुटुंबांनी बांधलेल्या घरांपुढे, शाळा-महाविद्यालयांच्या प्रांगणात आणि मंगल कार्यालयांच्या आवारात हिरवळ लावण्याची पद्धत ग्रामीण भागातही रुजली आहे. पहिल्या वर्षी ही हिरवळ गालिच्यासारखी दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात तिच्यातून लव्हाळ्याची टोकदार पाती वर येतात, कडेने हरळी आत शिरते आणि एखाद्या कोपऱ्यात कुंद्याचा थोंब उभा राहतो. उपटले तरी आठ-दहा दिवसांत तण पुन्हा दिसते. मग कोणीतरी मीठ टाकण्याचा सल्ला देतो, कोणी कृषी सेवा केंद्रातून तणनाशकाची बाटली आणतो. येथेच प्रश्न केवळ बागकामाचा न राहता घरातील मुले, गुरे, विहीर आणि माती यांच्या आरोग्याचा होतो.

या तणांचा चिवटपणा कोठून येतो हे समजले, तर त्यांच्या निर्मूलनाचा मार्गही स्पष्ट होतो. प्रस्तुत लेखात याच सूत्राच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन करण्यात आले आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) हिरवळीत आढळणाऱ्या प्रमुख गवती तणांची ओळख करून देणे.
२) त्यांच्या चिवटपणामागील शास्त्रीय कारण स्पष्ट करणे.
३) काळ्या जमिनीत उपयुक्त ठरणाऱ्या निर्मूलनाच्या पद्धतींची मांडणी करणे.
४) रासायनिक तणनाशकांच्या घरगुती वापरातील मर्यादा व धोके लक्षात आणून देणे.

तण : संकल्पना

तण ही वनस्पतिशास्त्रातील जात नव्हे. माणसाला जी वनस्पती जेथे नको असते तेथे ती तण ठरते. हरळी हे याचे उत्तम उदाहरण आहे. कपाशीच्या शेतात ती तण असते, गणेशपूजेत तीच दूर्वा म्हणून वाहिली जाते, गुरांना ती चारा म्हणून चालते आणि क्रीडांगणावर तिचीच हिरवळ केली जाते. लव्हाळ्याच्या सुगंधी गाठी आयुर्वेदात मुस्ता किंवा नागरमोथा या नावाने औषधी मानल्या जातात. म्हणून निर्मूलनाचा विचार करण्यापूर्वी, आपल्याला नेमके काय नको आहे आणि कोठे नको आहे, हे ठरवणे आवश्यक असते.

ओळखीतही गोंधळ होतो. गाजरगवताच्या नावात गवत असले तरी ते गवत नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातील झुडूपवजा वार्षिक तण असून त्याचा प्रसार बियांनी होतो. फुलण्यापूर्वी उपटले की त्या झाडापुरता प्रश्न संपतो. पुढे वर्णन केलेल्या तणांबाबत असे घडत नाही.

प्रमुख तणांची ओळख :

१) लव्हाळा (सायपरस रोटुंडस) : लव्हाळा गवतासारखा दिसत असला तरी तो मोथ्याच्या कुळातील आहे. त्याचा फुलांचा दांडा बोटांत धरून फिरवला असता तीन कडा जाणवतात. गवताचे खोड बहुधा गोल व पेरांचे असते. जमिनीखाली बारीक दोरासारख्या खोडांवर लव्हाळ्याच्या गाठींची माळ तयार होते. बहुतेक गाठी वरच्या १५ ते २० सेंटिमीटर थरात असतात. बियांपासून लव्हाळा क्वचितच उगवतो, त्याचा प्रसार प्रामुख्याने गाठींनी होतो.

२) हरळी (सायनोडॉन डॅक्टिलॉन) : ही जमिनीवर पसरणाऱ्या धावत्या खोडांनी आणि जमिनीखालील काश्यांनी वाढते. काशीच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो आणि एका पेराच्या तुकड्यापासूनही नवे झाड तयार होऊ शकते. हरळीला कडक ऊन मानवते, दाट सावली मात्र सोसत नाही.

३) कुंदा (इश्चिमम पायलोसम) : भारी काळ्या जमिनीतील हे बहुवर्षायू गवत आहे. त्याच्या काश्या खोल जातात आणि त्याचे थोंब बनतात. विदर्भ व मराठवाड्यातील जुन्या शेतकऱ्यांना कुंद्याने पडीक पडलेली शेते चांगली माहीत आहेत. घराच्या आवारात तो बहुधा पूर्वी शेत असलेल्या भूखंडावर किंवा कुंपणाच्या कडेला आढळतो.

४) वार्षिक गवते : शिप्पी, भरड यांसारखी गवते पावसाळ्यात बियांपासून उगवतात आणि हंगामाअखेर मरतात. ती बियांवर येण्यापूर्वी काढली तर दोन-तीन हंगामांत त्यांचे प्रमाण बरेच घटते. त्यांची गणना चिवट तणांत करण्याचे कारण नाही.

सन १९७७ मध्ये ले रॉय होल्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत उपद्रवी तणांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात लव्हाळ्याला पहिले आणि हरळीला दुसरे स्थान देण्यात आले. अंगणातील लहानशा तुकड्यात ज्यांच्याशी गाठ पडते, ती तणे जगभरच्या शेतीला त्रस्त करणारी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

चिवटपणाचे कारण :

या तिन्ही बहुवर्षायू तणांचे बळ जमिनीखाली असते. पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा भाग काश्यांत किंवा गाठींत साठवला जातो. पाने उपटली, कापली वा जाळली तरी हा साठा शाबूत राहतो. त्यातील काही अन्न खर्चून तण नवा कोंब वर पाठवते. कोंबाला पुरेशी पाने फुटली की तो स्वतःचे अन्न स्वतः बनवू लागतो आणि खर्च झालेला साठा पुन्हा भरून निघतो.

निर्मूलनाची गुरुकिल्ली या दोन अवस्थांमधील काळात आहे. कोंब वर आल्यापासून साठा भरू लागेपर्यंत तण केवळ खर्च करीत असते. याच काळात तो कोंब काढला तर तणाला दुसऱ्यांदा खर्च करावा लागतो. असे वारंवार झाले की साठा रिकामा होतो. लव्हाळ्याच्या बाबतीत कोंब उगवल्यापासून साधारणतः तीन ते सहा आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात. त्यामुळे दर दोन आठवड्यांनी खुरपणी केली तर नव्या गाठी तयार होण्यास वाव राहत नाही. हीच खुरपणी दोन महिन्यांतून एकदा केली, तर श्रम होतात आणि गाठी वाढतच राहतात.

लव्हाळ्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. एका माळेतील टोकाकडील गाठ उगवली की मागील गाठींचे उगवणे दबलेले राहते. कुदळीने किंवा रोटाव्हेटरने ही माळ तुटली की दबलेल्या गाठीही उगवू लागतात. हरळीच्या काश्यांचे तुकडेही असेच वेगवेगळे रुजतात. म्हणूनच ओलसर जमिनीत एकदाच रोटाव्हेटर फिरवून त्यावर हिरवळ लावणे म्हणजे तणांची लागवड करण्यासारखे ठरते.

इतिहासातील एक उदाहरण :

चिवट गवताचे आव्हान किती मोठे होऊ शकते हे स्वातंत्र्यानंतरच्या एका प्रयत्नातून दिसते. मध्य भारतातील काळ्या जमिनीचे विस्तीर्ण पट्टे कांस या गवताने व्यापले होते. कांसाच्या खोल गेलेल्या काश्यांपुढे बैलांचा नांगर अपुरा पडत असे. या जमिनी लागवडीखाली आणण्यासाठी जागतिक बँकेने सन १९४९ मध्ये भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज कृषी यंत्रसामग्रीकरिता मंजूर केले. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने अवजड ट्रॅक्टरांच्या साहाय्याने कोरड्या हंगामात खोल नांगरट केली. बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात समाविष्ट होता.

या मोहिमेमागील तत्त्व साधे होते. काश्या खालून उलटून वर आणायच्या आणि उन्हाळ्याच्या उन्हात वाळवायच्या. वऱ्हाडातील शेतकरी उन्हाळी नांगरटीतून आणि काश्या वेचण्यातून हेच करीत आला आहे. अंगणातील हिरवळीसाठीही हे तत्त्व लागू पडते, फक्त ट्रॅक्टरऐवजी कुदळ किंवा पहार पुरेशी असते.

निर्मूलनाच्या पद्धती :

अ) नवी हिरवळ लावण्यापूर्वी

निर्मूलनाची खरी संधी हिरवळ लावण्यापूर्वी असते. काळ्या जमिनीतील चिकणमाती ओली असताना फुगते व वाळल्यावर भेगाळते. ओलीत खणल्यास तिचा चिखल होऊन घडण बिघडते, पूर्ण वाळल्यावर ती कुदळीला दाद देत नाही. म्हणून मार्च महिन्यात हलके पाणी देऊन, वाफसा आल्यावर ३० सेंटिमीटरपर्यंत खणून मोठी ढेकळे उलटवावीत. एप्रिल-मे महिन्यांत ढेकळे तापतात आणि त्यांच्यातील काश्या व गाठी वाळतात. गाठी उघड्यावर दहा-पंधरा दिवस कडक उन्हात राहिल्यास बहुतांशी निकामी होतात. मातीत गाडलेल्या मात्र तग धरतात. त्यामुळे पंधरा दिवसांच्या अंतराने ढेकळे किमान दोन वेळा फिरवणे गरजेचे आहे. या काळात पाणी अजिबात देऊ नये.

मृगाचा पहिला पाऊस झाला की ढेकळे फुटतात. या वेळी सैल झालेल्या काश्या दाताळ्याने ओढून वेचता येतात. वेचलेल्या काश्या उकिरड्यावर टाकू नयेत, त्या तेथे पुन्हा रुजतात आणि शेणखताबरोबर अंगणात परततात. त्या पूर्ण वाळवून नष्ट कराव्यात.

यानंतर लगेच हिरवळ लावण्याचा मोह टाळणे हिताचे आहे. एक खरीप हंगाम त्या जागेत ताग किंवा चवळी दाट पेरली तर तिची सावली उरलेल्या हरळीला दडपते आणि पीक जमिनीत गाडल्यावर खतही मिळते. सावलीतूनही वर आलेला लव्हाळा दर पंधरा दिवसांनी काढता येतो. एका हंगामाचा हा विलंब पुढील अनेक वर्षांचे निंदण वाचवतो.

पारदर्शक प्लास्टिकने जमीन तापवण्याची पद्धतही उन्हाळ्यात वापरता येते. जमीन ओलवून सपाट करावी, त्यावर पातळ पारदर्शक कागद अंथरून कडा मातीने बंद कराव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. वरच्या थरातील वार्षिक गवतांचे बी व उथळ काश्या यामुळे मोठ्या प्रमाणावर मरतात. खोलवरच्या लव्हाळ्याच्या गाठी मात्र यातून वाचतात. काळे प्लास्टिक अंथरल्यास लव्हाळ्याचे टोकदार कोंब ते भेदून वर येतात, हेही लक्षात ठेवावे.

ब) लावलेल्या हिरवळीत

हिरवळ आधीच लावलेली असेल तर पहिला विचार तिच्या जातीचा करावा. ती हरळीचीच असेल तर हरळी काढण्याचा प्रश्न उरत नाही. कोरियन गवताची असेल तर हरळीचे धावते खोड ओळखून, मुळासह आणि पेरासह काढावे लागते. तुटलेला प्रत्येक तुकडा वेचला पाहिजे.

लव्हाळ्यासाठी पावसानंतर जमीन मऊ असताना अरुंद खुरप्याने गाठीसह झाड काढावे. वरून ओढल्यास पाने हातात येतात आणि गाठ आत राहते. जागा मोठी असल्यास तिचे भाग पाडावेत. उदाहरणार्थ, ६०० चौरस फुटांच्या हिरवळीचे १०० चौरस फुटांचे सहा भाग करून दर दोन दिवसांनी एक भाग हाताळला, तर बारा दिवसांत एक फेरी पूर्ण होते आणि रोजचा वेळही मर्यादित राहतो. जून ते ऑक्टोबर या काळात फेऱ्या चुकल्या नाहीत, तर पुढील पावसाळ्यात फरक स्पष्ट दिसतो. एकाच वर्षात पूर्ण निर्मूलनाची अपेक्षा ठेवू नये.

कापणीने लव्हाळा मरत नाही. तो हिरवळीपेक्षा वेगाने वाढतो आणि कापल्यानंतर काही दिवसांतच डोके वर काढतो. हेच त्याला हुडकण्यासाठी उपयोगी पडते. कापणीनंतर तीन-चार दिवसांनी हिरवळीवर जे पाते उंच दिसते, ते बहुधा लव्हाळ्याचे असते. कुंद्याचा थोंब असल्यास त्याच्याभोवती खोल खणून संपूर्ण थोंब काढावा आणि खड्डा तणमुक्त मातीने भरावा.

पाण्याचा अतिरेक लव्हाळ्याला पोषक असतो. रोज शिंपडण्यापेक्षा अंतराने पण खोलवर पाणी दिल्यास हिरवळीची मुळे खाली जातात आणि पृष्ठभाग सतत ओला राहत नाही. फुलझाडांच्या वाफ्यांभोवती २० ते २५ सेंटिमीटर खोल विटांची उभी कड बसवल्यास हरळीचा शिरकाव कमी होतो.

क) प्रतिबंध

अंगणातील तण बहुधा विकतच्या मातीतून येते. शेतातील काळी माती, तलावातील गाळ, अर्धवट कुजलेले शेणखत आणि रोपवाटिकेतून आणलेले हिरवळीचे तुकडे ही त्याची प्रमुख वाहने आहेत. आणलेली माती पसरण्यापूर्वी एका कोपऱ्यात ओलवून तीन आठवडे ठेवली तर तिच्यातील गाठी व बी उगवून दिसतात. ही साधी चाचणी पुढील मोठा त्रास टाळू शकते.

घरगुती उपायांची मर्यादा :

मीठ टाकल्याने तण करपते, हे खरे आहे. परंतु मिठातील सोडियममुळे चिकणमातीचे कण विलग होतात, पाण्याचा निचरा मंदावतो आणि पुढे तेथे काहीच नीट वाढत नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडील पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात क्षारयुक्त जमिनीमुळे शेतकऱ्यांना किती अडचणी सोसाव्या लागतात, हे सर्वश्रुत आहे. ज्या जिल्ह्याचा एक भाग खारेपणाने त्रस्त आहे, तेथे अंगणात हाताने मीठ पेरणे शहाणपणाचे नाही. व्हिनेगर किंवा उकळते पाणी टाकल्यास वरची पाने करपतात, जमिनीखालील साठा तसाच राहतो.

रासायनिक तणनाशके :

तणनाशकांचा विचार करताना दोन प्रकार समजून घ्यावे लागतात. पॅराक्वाटसारखे द्रव्य स्पर्श झालेला हिरवा भाग जाळते, काश्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे चिवट तणांवर त्याचा परिणाम तात्पुरता असतो. माणसाच्या पोटात गेल्यास मात्र त्यावर निश्चित उतारा उपलब्ध नाही. ग्लायफोसेट पानांतून शोषले जाऊन अन्नरसाबरोबर काश्यांपर्यंत उतरते, म्हणून ते अधिक प्रभावी ठरते. मात्र ते निवडक नाही. हिरवळीवर फवारल्यास तणाबरोबर हिरवळही मरते. सन २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटचे वर्गीकरण मानवात कर्करोगास संभाव्यतः कारणीभूत ठरणाऱ्या द्रव्यांत केले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसह काही नियामक संस्थांनी हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. भारत सरकारने सन २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचे बंधन घातले. घरमालकाने बाटली आणून स्वतः फवारणे या बंधनात बसत नाही.

लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे निवडक तणनाशक असून उसासारख्या पिकातील लव्हाळ्यासाठी ते भारतात वापरले जाते. कोणतेही तणनाशक लेबलवर नमूद केलेल्या पिकासाठी व प्रमाणातच वापरायचे असते. घरच्या हिरवळीचा उल्लेख लेबलवर नसेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय ते वापरू नये.

विदर्भाच्या संदर्भात ही सावधगिरी पुस्तकी नाही. सन २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला. ती द्रव्ये कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती. तथापि उघड्या अंगाने फवारणे, वाऱ्याच्या दिशेकडे दुर्लक्ष करणे आणि मिश्रणे करणे या सवयी घराच्या अंगणातही तशाच असतात. अंगणात मुले अनवाणी खेळतात, शेळ्या-वासरे चरतात आणि कापलेले गवत गुरांपुढे टाकले जाते. शेतात फवारणीनंतर काही दिवस जाणे टाळता येते, अंगणात ते शक्य नसते. उरलेले द्रव्य पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर अत्यंत घातक आहे.

काही व्यावहारिक सूचना :

१) ज्या घरी उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते तेथे नाजूक जातींच्या हिरवळीचा आग्रह धरू नये. स्थानिक हरळीचीच हिरवळ राखावी आणि केवळ लव्हाळा व कुंदा यांचे निर्मूलन करावे.
२) झाडांच्या दाट सावलीत हिरवळ लावू नये. तेथे ती विरळ होते आणि मोकळ्या जागेत तणे शिरतात.
३) महाविद्यालयाच्या आवारात हिरवळ असल्यास खुरपणीच्या तारखांची नोंद ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वार्षिक शिबिरात एकदाच केलेली स्वच्छता चिवट तणांवर परिणाम करीत नाही, पंधरवड्याची फेरी आवश्यक असते.
४) निंदणाचे काम बहुधा स्त्री-मजुरांकडे असते. त्यांना वरवर उपटण्याऐवजी गाठीसह काढण्यास पुरेसा वेळ व त्यानुसार मजुरी द्यावी. घाईत केलेले निंदण पुन्हा करावे लागते.

निष्कर्ष :

१) हिरवळीतील लव्हाळा, हरळी व कुंदा यांचा चिवटपणा जमिनीखालील अन्नसाठ्यामुळे आहे. तो साठा रिकामा करणे हेच निर्मूलनाचे मूलतत्त्व होय.
२) एकदाच केलेल्या जोरदार उपायापेक्षा ठरावीक अंतराने केलेली साधी खुरपणी अधिक परिणामकारक ठरते.
३) काळ्या जमिनीत उन्हाळ्यातील खणणी, उन्हात वाळवणे आणि काश्या वेचणे ही परंपरागत पद्धत शास्त्रीयदृष्ट्या योग्य असून घरगुती क्षेत्रात सहज शक्य आहे.
४) मिठासारखे उपाय मातीचे नुकसान करतात. रासायनिक तणनाशकांचा घरगुती वापर कायद्याने व आरोग्याच्या दृष्टीने मर्यादित ठेवणे आवश्यक आहे.
५) हरळीला हिरवळ म्हणून स्वीकारल्यास श्रम, पाणी आणि विष या तिन्हींची बचत होते. जानेफळसारख्या गावात बहुतेक घरांसाठी हाच मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो.